लीळाचरित्र आम्ही का वाचावे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हापासून ‘अभिजात’ हा शब्द सभांतून आणि पुढाऱ्यांच्या भाषणांतून इतका ऐकू येऊ लागला आहे की, त्याचा अर्थ काय असे विचारणे अरसिकपणाचे ठरावे. जुना ग्रंथ तो अभिजात ग्रंथ, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. परंतु नुसते जुनेपण हाच गुण धरला, तर तहसील कचेरीतील वाळवी लागलेली दप्तरेही अभिजात म्हणावी लागतील. ज्या ग्रंथामुळे माणसांच्या वागण्याबोलण्यात, बरेवाईट ठरविण्याच्या रीतीत काही फरक पडला, आणि ज्यांनी तो ग्रंथ कधी हातातही धरला नाही त्यांच्यापर्यंत तो फरक पोहोचला, तो ग्रंथ अभिजात, असे मी मानतो. या मापाने मोजले असता मराठीतील जो ग्रंथ मला सर्वांत आधी आठवतो, तो म्हणजे म्हाइंभटांचे लीळाचरित्र.

मी पंडित नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयांत आणि संघटनेच्या कचेरीत कंदिलाच्या उजेडात झाले. गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात, हेमलकशाच्या आसपासच्या गावांतून, बांबू तोडणाऱ्या व तेंदूपाने गोळा करणाऱ्या मजुरांत मी पंचवीसएक वर्षे काम करीत आलो आहे. हेमलकसा हे नाव बाहेर ऐकू येते ते बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी उभारलेला तेथील दवाखाना, शाळा आणि वन्य प्राण्यांचे अनाथालय पाहायला दूरदूरची माणसे येतात. पण प्रकल्पाच्या फाटकाबाहेर जो मुलूख पसरला आहे त्याची भाषा मराठी नाही. ती माडिया आहे. आपल्याकडे वसंतात व्याख्याने भरतात, त्याच दिवसांत तिकडे तेंदूचा हंगाम असतो. त्यामुळे अशा मालांतील व्याख्याने ऐकण्याचा योग मला फारसा आला नाही. या पुस्तकाच्या निमित्ताने मात्र, माडिया मुलखात राहून मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ मला कसा दिसला, ते सांगावेसे वाटते.

प्रथम ग्रंथाविषयी. महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा हा संग्रह. चक्रधर हे मूळचे गुजरातेतील भडोचचे. त्यांची जन्मभाषा मराठी नव्हती. तरीही ते ज्या लोकांत हिंडले त्यांच्याच बोलीत बोलले. ते निघून गेल्यावर त्यांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य आणि इतर मंडळी विदर्भात रिद्धपूरला जमली. तेथे म्हाइंभटांनी, इसवी सन १२७८ च्या सुमारास, या आठवणी लिहून काढल्या. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग आहेत. प्रत्येक आठवण म्हणजे एक ‘लीळा’, आणि पुष्कळशा लीळा दहापाच ओळींच्याच आहेत. त्यांत चमत्कार आहेत, तत्त्वज्ञान आहे. पण त्याहून अधिक आहे ती त्या काळची हिंडतीफिरती, भूक लागणारी, रुसणारी, प्रश्न विचारणारी माणसे. कोणी काय शिजविले, कोणाच्या घरी कशी वागणूक मिळाली, कोण कोणावर चिडले, हे सारे त्यात आले आहे. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो, शिकारी तो मागतात, आणि अखेर ससा सुखरूप सुटतो, ही लीळा तर पुष्कळांनी ऐकली असेल.

मला या ग्रंथाची ओढ लागली ती भक्तीमुळे नव्हे, तर म्हाइंभटांच्या कामाच्या पद्धतीमुळे. संघटनेचा माणूस वर्षभर एकच उद्योग करीत असतो: काय घडले ते विचारायचे आणि लिहून घ्यायचे. म्हाइंभट स्वतः मोठे विद्वान. आपल्या विद्येच्या अभिमानाने दिवसा दिवट्या लावून हिंडत, असे त्यांच्याविषयी सांगतात. अशा माणसाने सगळी विद्या बाजूला ठेवून जे केले ते पाहण्यासारखे आहे. जो प्रसंग ज्याने डोळ्यांनी पाहिला, तो त्याच्याच तोंडून ऐकायचा. रिद्धपूरला ते नागदेवाचार्यांना आठवणी विचारीत बसले. तेवढ्यावर न थांबता, ज्यांचा स्वामींशी संबंध आला होता अशा इतरांनाही त्यांनी गाठले. त्यांत बाया होत्या, साधी कुणबाव्याची माणसे होती. बोलणाऱ्याचे बोलणे सुधारून, सजवून, संस्कृताची झालर लावून मांडण्याची त्यांची शक्ती निश्चित होती. त्यांनी ते केले नाही. म्हणून सातशेहून अधिक वर्षांनंतरही त्या पानांवर माणसे बोलताना ऐकू येतात.

मूळ पोथी पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हरवली. तेव्हा शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली, आणि त्यामुळे तिचे निरनिराळे पाठ तयार झाले. त्यांतला एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. या मंडळींनी भांडून एकच पाठ खरा ठरविला नाही; एकाची आठवण अशी आणि दुसऱ्याची तशी, अशी नोंद ठेवून दोन्ही जपल्या. साक्षी जुळत नाहीत म्हणून त्यांतली एक दडपून टाकायची नाही, एवढा प्रामाणिकपणा आजच्या चौकशी समित्यांनाही क्वचितच साधतो.

आता एक प्रसंग सांगतो. तो लीळाचरित्रातला नसून नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथातला आहे. केशोबास हे संस्कृताचे जाणकार शिष्य. पंथाचे ज्ञान संस्कृतात लिहावे, असे त्यांच्या मनात आले. विद्वानांच्या जगात मान मिळवायचा तर तोच मार्ग होता. नागदेवाचार्यांनी त्यांना अडविले. कारण काय दिले? तर, असे केलेस तर माझ्या म्हाताऱ्या नाडल्या जातील. चक्रधरांच्या पाठीमागे आलेल्या, संस्कृत न कळणाऱ्या ज्या साध्या वृद्ध स्त्रिया होत्या, त्यांना आपलेच ज्ञान परके होईल, एवढीच त्यांची काळजी होती. मराठी ग्रंथभाषा झाली त्यामागे राजाज्ञा असेल, व्यापार असेल, इतिहासकार सांगतील ती इतर कारणेही असतील. परंतु म्हाताऱ्यांना कळले पाहिजे, हे कारण इतक्या स्वच्छ शब्दांत दुसरीकडे कोठे सांगितलेले मला तरी आढळले नाही. पुढे ज्ञानदेवांनी १२९० साली नेवाशाला गीता मराठीत सांगितली, आणि त्यानंतरची संतांची सारी परंपरा याच काळजीवर चालली. किर्तनाला बसलेली जी बाई कधी शाळेत गेली नाही, तिच्याही बोलण्यात ब्रह्म, माया, समता हे शब्द सहज येतात. ग्रंथाचा परिणाम म्हणतात तो हाच.

यावर कोणी म्हणेल की, लीळाचरित्र तर शेकडो वर्षे सांकेतिक लिपीत बंद होते. त्याचा परिणाम कोणावर होणार? आक्षेप अर्धा खरा आहे. पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या गुप्त लिप्यांत ठेवल्या होत्या, आणि बाहेरच्या अभ्यासकांना त्यांची किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाली. नागपूरचे हरि नारायण नेने यांनी १९३६-३७ च्या सुमारास लीळाचरित्र छापले, पुढे डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ साली निघाली आणि तिच्यावरून पंथात मोठा वादही झाला. परंतु पोथी बंद असली तरी पोथी वाचणारी माणसे बंद नव्हती. महानुभाव साधू गावोगाव हिंडत होते. पंजाबात आणि त्याच्याही पलीकडे त्यांचे मठ झाले, आणि तेथील लोक धर्मासाठी मराठी शिकले! भाषेच्या अभिमानावर व्याख्याने झोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. सत्तेच्या जोरावर भाषा पसरते हे खरे. पण आदराने बोलावली तरीही ती दूरवर जाते.

येथवर मी मराठी माणसांपुढे बोललो. हेमलकशात हेच बोलायला गेलो, तेव्हा एका शिकलेल्या माडिया तरुणाने मला विचारले, “दादा, ही पोथी तुमची. तुमच्या म्हाताऱ्यांना संस्कृत कळत नव्हते. आमच्या म्हाताऱ्यांना मराठी कळत नाही. मग आमचा केशोबास कोण, आणि त्याला अडविणारा कोण?”

हा प्रश्न टाळून लीळाचरित्राचे कौतुक करणे मला शोभणार नाही. तेराव्या शतकात संस्कृत जेथे बसले होते, तेथे आज भामरागडच्या जंगलात मराठी बसली आहे. कागद मराठीत, नोटीस मराठीत, शाळेचे पहिले पुस्तक बहुतेक ठिकाणी मराठीत. माडिया ही गोंडी कुळातली बोली आहे. तिचे नाते तेलुगू-कन्नडच्या द्राविडी घराण्याशी आहे. मराठी मुलाला हिंदी जितकी जवळची, तितकीही मराठी माडिया मुलाला जवळची नाही. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख भरले, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडीला स्थान नाही.

याचा मजुराच्या पोटाशी कसा संबंध येतो ते सांगतो. तेंदूची पाने सत्तर-सत्तर मोजून त्यांचा एक पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर मोजून देतात. हजार पुडे झाले की एक गोणी धरतात. एका हंगामात एका कंत्राटदाराच्या फळीवर मोजणीची तक्रार झाली. पुडे ओले आहेत, पाने फाटकी आहेत, अशी कारणे देऊन शेकड्यामागे काही पुडे बाजूला टाकले जात, पण ते परत मात्र केले जात नसत. चौकशीला अधिकारी आले. एक वयस्क बाई उभी राहिली आणि माडियात पाऊण तास बोलली. कोणत्या दिवशी किती पुडे नेले, मुन्शी कोठे बसला होता, सोबत कोण होते, कोणते पुडे बाजूला गेले आणि रात्री ते कोणत्या ढिगात मिसळले, सारे तिने क्रमाने सांगितले. लिहायला जो मनुष्य बसला होता त्याने मराठीत दोन ओळी लिहिल्या: अर्जदार स्त्रीस मजुरी कमी मिळाल्याची तक्रार आहे, तिच्याकडे लेखी पुरावा नाही. खाली तिचा अंगठा घेतला. प्रकरण अर्थातच पडले.

त्या रात्री मला म्हाइंभटांची आठवण झाली. ते त्या जागी बसले असते तर पाऊण तासाचे बोलणे पाऊण तासाचेच उतरले असते, मुन्शीच्या बसण्याच्या जागेसकट. तेव्हापासून आमच्या संघटनेत नियम केला आहे. जबाब प्रथम माडियात, देवनागरी अक्षरांत, बोलणाऱ्याच्या शब्दांत उतरवायचा. मराठी भाषांतर त्याच्या शेजारी. आणि दोन्ही वाचून दाखविल्यावाचून अंगठा घ्यायचा नाही. हे काम आमची शाळा शिकलेली पोरेपोरी करतात. लिहिण्याच्या या शिस्तीसाठी मी त्यांना लीळाचरित्रातील लीळा वाचून दाखवितो. एवढे थोड्या शब्दांत, एवढे नेमके, आणि बोलणाऱ्याचा सूर न बिघडविता कसे लिहावे, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

तरुणाच्या प्रश्नाचा दुसरा भाग याहून अवघड आहे. माडियांचे स्वतःचे अभिजात वाङ्मय कोठे आहे? ते आहे, फक्त त्याला कागद नाही. गोटुलात आणि लग्नाकार्यांत रात्र-रात्र चालणारी रेलाची गाणी, कुळांच्या उत्पत्तीच्या कथा, देवांच्या येण्याजाण्याच्या वाटा, हे सारे वाङ्मयच आहे. गोंड समाजातील लिंगोची गाथा तर महाकाव्याच्या तोडीची आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तिचे एक रूप परधान गायकाकडून उतरवून घेतले होते. ते १८६३ साली वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्या कथेत गोंड गुहेत कोंडले जातात, दारावर प्रचंड शिळा लोटली जाते, आणि लिंगो त्यांना सोडवून त्यांची कुळे लावून देतो. कोंडलेल्यांना सोडविणारा आणि मग त्यांना एकमेकांशी नाते कसे धरावे ते शिकविणारा असा नायक कोणत्या संघटकाला आवडणार नाही? पण ही गाथा प्रथम इंग्रजी ग्रंथात गेली. जिच्या पोरांची ती गाथा, त्या म्हातारीला ते पुस्तक काय कामाचे?

परदेशातले एक उदाहरण या ठिकाणी उपयोगी पडेल. फिनलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विद्येची आणि कचेरीची भाषा स्वीडिश होती. फिनिश ही खेडुतांची बोली. एलियास ल्यॉनरूट नावाचा एक डॉक्टर कायानी या आडगावी नोकरीला होता. त्याने रानावनांतील गायकांकडून जुनी गाणी जमविली आणि १८३५ साली ‘कालेवाला’ हा ग्रंथ काढला. १८४९ साली तो वाढवून पन्नास सर्गांचा केला. त्या एका पुस्तकाने फिनिश लोकांना आपल्या बोलीविषयी ताठ मानेने बोलायला शिकविले, आणि १८६३ साली कचेरीत फिनिश भाषेला स्वीडिशच्या बरोबरीने आणण्याचा हुकूम निघाला. एवढे श्रेय त्या डॉक्टरला दिलेच पाहिजे. तथापि त्याने एक गोष्ट केली जी म्हाइंभटांनी केली नव्हती: निरनिराळ्या गायकांची गाणी त्याने स्वतःच्या बुद्धीने एकत्र शिवली, जोड द्यायला स्वतःच्या ओळीही घातल्या. काव्य सुरेख झाले. पण कोणाचे गाणे कोठे संपते हे त्या ग्रंथातून कळत नाही. आम्हाला निवड करायची झाली तर मी रिद्धपूरची पद्धत घेईन. तिच्यात गायकाचा हक्क शाबूत राहतो.

माझ्या तरुण मित्राला मी हेच सांगितले. आपल्या आजीचे गाणे तू उतरव. ती ज्या गावी जे म्हणते ते तेथलेच म्हणून उतरव. शेजारच्या गावी निराळे म्हणत असतील तर तेही शेजारी लिही. पुस्तकात बरे दिसावे म्हणून गाण्यातल्या देवांना मोठ्या देवांची नावे देऊ नकोस. आणि छापण्याआधी तिला वाचून दाखव. तिने नको म्हटलेले छापू नकोस. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. अशा शाळांना उद्या वाचायला काय द्यायचे, हा प्रश्न आजच्या गाणाऱ्या बायांच्या हयातीतच सोडवावा लागेल. ही गाणी ज्यांना येतात त्या बहुतेक साठीच्या पुढच्या आहेत, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की त्यांच्या गावांची वाट दिवसचे दिवस बंद असते.

म्हणजे लीळाचरित्र आम्हाला नुसती लेखनाची शिस्त शिकविण्यापुरतेच का? तसे नाही. आमच्या भागात पाळीच्या दिवसांत बाईला गावाकडेला एका झोपडीत राहावे लागते. तिला कुर्माघर म्हणतात. पावसात छप्पर गळते, सापविंचवाचे भय असते, आणि आजारी बाईसुद्धा तेथेच पडून राहते. यावर बाहेरच्यांनी आमच्या लोकांना रानटी म्हणण्याची फॅशन आहे. म्हणणाऱ्यांच्या घरांत चार दिवस कोणाला देवघर बंद असते ते मात्र कोणी विचारीत नाही. या बाबतीत चक्रधरांचे मत लीळाचरित्राच्या परंपरेत स्पष्ट नोंदले आहे. नाकाडोळ्यांतून जसा मळ निघतो तसाच हा शरीराचा एक स्राव आहे. तो येतो आणि थांबतो. त्याचा विटाळ मानू नये, असे त्यांचे म्हणणे. मी ही गोष्ट बायांच्या बैठकीत स्वतः सांगत नाही. आमच्या एका कार्यकर्तीने ती माडियात सांगितली. ऐकून बाया बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एका म्हातारीने विचारले की, हे सांगणाऱ्या बुवाला मराठ्यांनी पुढे काय केले? कार्यकर्तीने सांगितले की, त्यांच्या विरुद्ध त्या वेळचे मोठे लोक उठले, असे त्यांचे शिष्य सांगतात. म्हातारी म्हणाली, “उठणारच.” कुर्माघर त्या दिवशी मोडले नाही. पण पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्या गावच्या बायांनी ग्रामसभेत त्याला पक्के छप्पर, दरवाजा आणि दिवा मागून घेतला, आणि आजारी बाईला तेथे ठेवायचे नाही असे ठरवून घेतले. पुस्तकाचे काम एवढे सावकाश चालते.

ज्यांना वाचायला प्रारंभ करायचा आहे त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाण्याचा हट्ट धरू नये. मधलीच एखादी लीळा काढावी आणि मोठ्याने वाचावी. जुने शब्द प्रथम अडतील. पण वऱ्हाडात, झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला त्यांतले कितीतरी शब्द आपल्या आजीच्या तोंडचे वाटतील. संपादकांच्या शब्दार्थांच्या टिपा हाताशी ठेवाव्यात, प्रस्तावना मात्र शेवटी वाचावी. शक्य तर दोघातिघांनी मिळून वाचावे, आणि त्यांत एक तरी माणूस असा असावा की ज्याला वाचता येत नाही. तो जेथे थांबवून प्रश्न विचारतो, तेथेच बहुधा लीळेचे मर्म असते. आमच्या कचेरीत सध्या उत्तरार्ध चालू आहे. तेंदू सुरू झाला की पुस्तक बंद होते आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा उघडते.